मिरचीच्या दिवसांत मनूचं जहाज

अंगणात मिरची वाळत घातली की मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटायला लागतो. एरवी तो नसतो असं नाही. पण फाल्गुनात आमच्या केशोरीत घराघरांपुढं लाल मिरच्या पसरल्या जातात, वारा सुटला की गल्लीतला प्रत्येक माणूस नाकाला पदर नाहीतर दुपट्टा लावून चालतो, आणि तेव्हा हा हेवा थेट घशात येऊन बसतो. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. कुणी विचारलं तर मिरचीवर ढकलता येतं.

यंदाही तसंच झालं. मी सुट्टी घेऊन घरी आले होते. मायबरोबर मिरचीचे देठ खुडत बसले होते, तेवढ्यात मनूचा व्हिडिओ कॉल आला. मनू म्हणजे मनीषा. मोठ्या प्रवासी जहाजावर साफसफाईच्या विभागात असते, आता तिथली सुपरवायझर आहे. तिच्या अंगावर प्लास्टिकचा एप्रन होता, मास्क हनुवटीखाली ओढलेला होता, आणि मागं एक लांबलचक, पांढराशुभ्र बोळ होता, इतका लांब की त्याचं दुसरं टोक फोनमध्ये मावत नव्हतं.

"माय, आमच्या इथं उलट्या-जुलाबाची साथ आली आहे," ती म्हणाली. "काळजी नको करू, पन दोन-चार दिवस फोन होनार नाही. लाल पातळी लागली आहे, म्हणजे सगळ्यात कडक नियम."

"जेवली का तू?" मायनं विचारलं. मायला लाल काय न पिवळं काय.

"उभ्या उभ्या खाऊन राहिली. ताई कुठं आहे?"

मी मिरचीच्या हातानं केस मागं सारत तोंड पुढं केलं. तिनं मला घाईघाईनं सगळं सांगितलं. जेवणाच्या हॉलमधले चमचे पाहुण्यांच्या हातून काढून घेतले, वाढायला कर्मचारी उभे केले. मिठाच्या कुप्या, मेनूची पुस्तकं, वाचनालयातली मासिकं, पत्त्यांचे कॅट, सगळं उचललं. पोहण्याचा तलाव बंद. ज्यांना उलट्या झाल्या त्यांना त्यांच्या खोल्यांत थांबवलं, ताट दाराशी. कठडे, मुठी, लिफ्टची बटणं माणसं लावून सतत पुसणं सुरू होतं. ती बोलत होती आणि तिच्या आवाजात भीती नव्हती. कामात बुडालेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता, थोडा चढलेला, थोडा खूश.

फोन बंद झाल्यावर मायनं पदराला डोळे पुसले. मीही पुसले. लोक साथीला घाबरतात. मला मनूच्या साथीचाही हेवा वाटतो.

जहाजावर खरं तर आम्ही दोघी जाणार होतो. बारावीनंतर गोंदियाला हॉटेलच्या कामाचा कोर्स केला, तोही बरोबर. भाड्याच्या एका खोलीत राहायचो, एका कुकरमध्ये भात लावायचो, शिक्षक हिंदीत समजवायचे, पुस्तक इंग्रजीत असायचं आणि आम्ही दोघी आपसात झाडीबोलीत भांडायचो. नागपूरला जहाजवाल्यांची मुलाखत झाली, त्यात दोघींची निवड झाली. मला मनूपेक्षा जास्त गुण होते. ही गोष्ट मी अजून विसरलेली नाही, आणि मला खात्री आहे की तीही विसरलेली नाही.

मग वैद्यकीय तपासणी झाली. आमच्या भागात सिकलसेल काय असतं हे कुणाला समजवावं लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, फार दगदग झाली की त्या अडकतात आणि हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. बाबांना आणि मायला तो आजार नाही, दोघं नुसते वाहक आहेत. मनूला एकाकडूनच वाटा आला, ती वाहक. मला दोघांकडूनही आला. लहानपणी माय कोणतीही गोष्ट दोघींना सारखी वाटून द्यायची. रक्त वाटताना तिच्या हाती काही नव्हतं.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "बेटा, जहाज किनाऱ्यापासून किती दूर असतं. तिथं तुला त्रास सुरू झाला तर रक्त कुठून आणायचं?" त्यांचं चूक नव्हतं. ते चुकले असते तर बरं झालं असतं, मला रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

मनू गेली. मी नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटजवळच्या एका लॉजवर लागले. काम तेच. तीही चादरी घालायची, मीही चादरी घालायची. तिच्या खिडकीबाहेर समुद्र असायचा, माझ्या खिडकीबाहेर साग आणि ऐन. ती टॉवेलची घडी घालून हत्ती, माकड, हंस करायची आणि त्यांचे फोटो पाठवायची. मी खोली आतून बंद करून तसेच हत्ती करायला शिकले. पाहुण्यांना आवडायचे. लेकरं विचारायची, हे कुणी शिकवलं. मी म्हणायची, असंच येते. रायपूरचे एक काका एकदा म्हणाले, "जंगल में आके टॉवेल का हाथी देख लिया, अब असली क्या देखना." मी हसले, आणि दिवसभर मनात म्हणत राहिले की हा हत्ती तिच्या हत्तीपेक्षा चांगला उभा राहिला आहे.

मग करोना आला. तोही मिरचीच्याच दिवसांत. गावात अंगणोअंगणी मिरची होती आणि त्यामुळं सगळे खोकत होते, दरवर्षीसारखेच. पण त्या वर्षी खोकला ऐकला की समोरचा माणूस रस्ता बदलायचा. मला मायनं घरातून बाहेर पडू दिलं नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई येऊन बजावून गेल्या होत्या की वैशालीला जपा, तिला झालं तर जड जाईल. मी खाटेवर बसून खिडकीतून मिरची बघायची. मिरची लाल असते, वाळली की काळपट लाल होते. एवढंच मला त्या उन्हाळ्यात नवीन कळलं.

आणि मनू समुद्रात होती. तिच्या जहाजाला बंदरंच घेईनात. एका देशानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं. कशीबशी पाहुण्यांना उतरवायची परवानगी मिळाली, ते आपापल्या देशी गेले. कर्मचारी मात्र अडकले. तळातल्या एकेका खोलीत दोन-तीन जण राहत, तिथं साथ पसरली असती, म्हणून कंपनीनं त्यांना वरच्या, पाहुण्यांच्या रिकाम्या खोल्यांत हलवलं. एकेकाला एकेक खोली. मनूला बाल्कनी मिळाली.

ज्या खोल्या ती इतकी वर्षं झाडत होती तशाच एका खोलीत आता ती स्वतः झोपत होती. जेवण दाराशी यायचं. ताप मोजायला माणूस यायचा. कप्तान भोंग्यावरून रोज बोलायचा, आज काय झालं, कोणत्या देशाशी बोलणं सुरू आहे. दिवसातून ठरल्या वेळी थोडा वेळ डेकवर चालू द्यायचे, दूर दूर. बाकी सगळा वेळ खोली. मनू फोन करून रडायची. म्हणायची, "ताई, मले घरी यायचं आहे. हा समुद्र पाहून पाहून आता मले कसंतरी होते."

मी विचारायची, "आज कसा दिसून राहिला?"

"काय?"

"समुद्र."

ती चिडायची, पण सांगायची. सकाळी शिशासारखा दिसतो, ताई. दुपारी बघवत नाही, डोळे दिपतात. पाऊस दुरून येताना दिसतो, पडदा ओढत आणल्यासारखा. आणि जहाज थांबलेलं असलं तरी खोली हळूहळू हलत राहते, कुणी पाळणा अगदी हलक्या हातानं ढकलावा तशी. मी खाटेवर डोळे मिटून ऐकायची. माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "रडून राहिली का ती? तिले म्हनावं देवाचं नाव घे." दोघी कोंडलेल्या होतो. पण तिच्या कोंडण्याला बाल्कनी होती.

ती परत आली तेव्हा पावसाळा होता. गावानं तिला आधी शाळेत ठेवलं, मग घरी येऊ दिलं. जहाजं बंद होती, पुन्हा केव्हा सुरू होतील कुणाला ठाऊक नव्हतं. मनू चिखलात उतरून रोवणीला लागली, धान कापला, बाबांबरोबर मिरचीला पाणी धरलं. गावातल्या बाया तिला बघायला यायच्या. हेव्याचंही काय असतं बघा, ती काही महिने माझ्यासारखीच झाली होती, घरात, गावात, बिनकामाची, आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं की मी तिच्याशी गोड वागायला लागले. मायला वाटलं, बहिणींचा जीव जडला.

मग लॉज पुन्हा उघडला. आमचे शेठजी गोंदियाचे, तांदळाच्या गिरणीवाले, हिंदीच बोलायचे. त्यांना कुठूनतरी कळलं की वैशालीची बहीण जहाजावर होती, साथीत काय करायचं तिला येतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्हारी बहन को ले आओ. मेहमान तभी आएगा जब उसको भरोसा होगा." मला वाटलं, माझ्या हाताखाली येईल. आली ती माझ्या वर.

मनूनं आल्याबरोबर सगळा लॉज उलटापालटा केला. लादी पुसायच्या बादल्या वेगळ्या, संडासाच्या वेगळ्या. मळक्या चादरी झटकायच्या नाहीत, आतल्या आत गुंडाळून पिशवीत टाकायच्या. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यानं स्वतः वाढून घ्यायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, खोकला, उलटी, जुलाब? आमचे स्वयंपाकी बुधरामभाऊ वैतागले. "मनीषा मॅडम, मी इथं भात शिजवून राहिलो का ऑपरेशन करून राहिलो?" ते म्हणायचे. पण हात धुवायचे. मनू कुणावर ओरडायची नाही. स्वतः करून दाखवायची, आणि मग बाजूला उभी राहायची.

मी बघायची. ती हातमोजे कसे काढते, एकाची उलटी बाजू दुसऱ्यात अडकवून. दाराची मूठ पुसताना आधी वरून, मग खालून, मग मुठीभोवतीचं दारही. फडका कितव्यांदा घडी बदलून वापरते. पाहुण्याशी बोलताना मान किती कलवते. मला तिच्यात चूक सापडायला हवी होती. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर मी तिचा दिवस पुन्हा पहिल्यापासून तपासायची, आणि चूक सापडायची नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी आणखी बारकाईनं बघायची. प्रेमानं बघणारा माणूस कौतुक करून मोकळा होतो. हेव्यानं बघणाऱ्याला तेवढी सुट्टी मिळत नाही.

शिमग्याच्या आधी एक गट आला. निवृत्त झालेली मंडळी, वर्ध्याकडची, बरीचशी जोडपी. पहिल्या सफारीत त्यांना अस्वल दिसलं, सगळे खुशीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना एका काकांनी टेबलावरच उलटी केली.

मी तिथंच होते, वाढत होते. सगळे उठले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी "करोना" म्हणालं आणि दोन बायका दाराकडं धावल्या. मनू स्वयंपाकघरातून बाहेर आली. चालत आली. पाहुण्यांना अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी आपल्या खोल्यांत जा. हात साबणानं धुवा, नुसता साबणाचा वास येईपर्यंत नाही, चांगले घासून. जेवण तिथंच पाठवते." मग त्या काकांना धरून बसवलं. उलटीवर जुने कागद टाकले, त्यावर ब्लीचिंगचं पाणी ओतलं, भोवती खुर्च्या आडव्या करून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तोवर मी हातमोजे घातले होते.

"तू नाही," ती म्हणाली.

"काऊन?"

"तू मागं राह, ताई. उलट्या-जुलाबानं अंगातलं पानी जाते. मले झालं तर दोन दिवस पडीन. तुले झालं तर काय होईल तुले माहीत आहे."

बुधरामभाऊ ऐकत होते. जीपवाले दोघं ऐकत होते. खिडकीतून पाहुणे बघत होते. डॉक्टरांनी नागपूरला जे बंद दाराआड सांगितलं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीनं जेवणाच्या हॉलमध्ये सांगितलं. तेही बरोबरच होतं, तेच माझं दुखणं आहे. मी हातमोजे काढले आणि मागं गेले.

संध्याकाळपर्यंत आणखी चार खोल्यांत तेच सुरू झालं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, करोनाची तपासणी केली, तो कुणालाच निघाला नाही. म्हणाले, पोटाची साथ आहे, बहुतेक कुणीतरी बरोबर घेऊन आलं, पाणी पाजत राहा, ज्याला जास्त त्रास होईल त्याला तिरोड्याला हलवू. तोवर आमची निम्मी माणसं गावी पळाली होती. शेठजी फोनवर म्हणत होते, "किसी को बताना मत." मनूनं त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, "शेठजी, जहाजावर सगळ्यात आधी सगळ्यांना सांगतात. लपवलं तर वाढते." तिनं प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, काय झालं आहे, काय करायचं, केव्हा बरं वाटेल. टेबलांवर ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या उचलून टाकल्या. "याच्यावर हे चालत नाही, साबनच लागते," म्हणाली. नवीन येणारे पाहुणे फोन करून थांबवले. दोरी बांधून लॉजचे दोन भाग केले. आतल्या भागात ती आणि बुधरामभाऊ. बाहेरच्या भागात मी.

मी पाणी उकळत होते, पेज करत होते, मीठ-साखरेचं पाणी बाटल्यांत भरत होते. दोरीशी स्टुलावर ठेवायची आणि मागं सरकायची. ती यायची, उचलायची, जायची. एखाद्या नाटकात विंगेत उभं राहून दुसऱ्याला सामान देत राहावं तसं ते होतं. पाहुणे आतून हाका मारायचे, "मनीषा, जरा इकडं," "मनीषा, पाणी." ते नाव ऐकून ऐकून माझे कान बधिर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनू स्टुलाशी आली, पेजेचं भांडं उचललं, आणि ते परत खाली ठेवून तिथंच बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"झालं मले," ती म्हणाली. "तू आरोग्य केंद्रात फोन कर. त्यांना एक माणूस मागव. तोवर बुधरामभाऊ बघतील. तू नको येऊ."

मी फोन केला. माणूस संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले. बुधरामभाऊ एकटे होते, आत दहा-बारा म्हातारी माणसं होती, त्यांतल्या दोघांना उठताही येत नव्हतं. मी बाटलीभर मीठ-साखरेचं पाणी प्यायले. मनूचा दुसरा एप्रन घातला, तिच्यासारखाच मास्क बांधला, डोक्याला तिच्यासारखी टोपी, आणि दोरीखालून आत गेले. मनू तिच्या खाटेवरून मला बघत होती. "ताई," एवढंच म्हणाली, मग बादलीवर वाकली. मी तिचं तोंड पुसलं, तिला पाणी पाजलं, आणि पुढं गेले.

मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. कोणती पिशवी कुठं, ब्लीचिंग किती, कोणत्या खोलीत आधी जायचं, कोणत्यात शेवटी. आधी निरोगी, मग आजारी, उलट फिरायचं नाही. माझे हात तिच्या हातांसारखे चालत होते. बुधरामभाऊ एकदा म्हणाले, "वैशाली, तूही जहाजावर होती का व?" तोवर मी पुढच्या खोलीत शिरले होते.

शेवटच्या खोलीत सुलभाताई होत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या कधीकाळी. सत्तरी ओलांडलेली, एकट्याच आल्या होत्या, नवरा गेला म्हणून मैत्रिणींनी ओढून आणलं होतं. त्यांना चमच्याचमच्यानं पाणी पाजावं लागत होतं. त्यांनी डोळे उघडले.

"मनीषा?"

"मी वैशाली, काकू."

कानांना त्यांच्या कमी ऐकू यायचं, आणि माझं तोंड झाकलेलं. "मनीषा," त्या पुन्हा म्हणाल्या, "तू जहाजावर अशीच पाजायचीस का लोकांना?"

मी दुसऱ्यांदा दुरुस्त केलं नाही. चमचा पुढं केला.

"समुद्र कसा असतो गं? मी पाहिला तो नुसता किनाऱ्यावरून. आमच्या ह्यांना फार आवड होती. जाऊ जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं."

दुपार होती. बाहेर पळस फुलला होता, पंखा करकरत होता. मी त्यांना समुद्र सांगितला. सकाळी शिशासारखा असतो, म्हटलं. दुपारी बघवत नाही. पाऊस दुरून पडदा ओढत आणल्यासारखा येतो. जहाज थांबलं तरी खोली हलत राहते, काकू, हलक्या हातानं पाळणा ढकलावा तशी. प्रत्येक वाक्यानंतर एक चमचा. त्या ऐकत ऐकत प्यायल्या. मीही ऐकत होते. मला माझा आवाज ओळखू येत नव्हता, आणि तेवढा वेळ मला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

संध्याकाळी आरोग्य केंद्राचा माणूस आला, मग एक नर्स आली. सुलभाताईंना तिरोड्याला न्यायची वेळ आली नाही. तीन-चार दिवसांत सगळे उठून बसले. मनूही उठली. मला उलट्या झाल्या नाहीत, पण दगदगीनं कंबर आणि गुडघे असे धरले की मला दवाखान्यात सलाईन लावून ठेवावं लागलं. मनू बाजूला बसून होती. माझे पाय दाबत राहिली.

मी परत आले त्या दिवशी गट निघत होता. सगळे मनूभोवती जमले होते. शेठजीही आले होते. सुलभाताईंनी मनूला जवळ घेतलं, म्हणाल्या, "बाळ, तू मला समुद्र दाखवलास. मी विसरणार नाही."

मनूनं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी भिंतीला धरून उभी होते.

"मी नव्हते, काकू," ती म्हणाली. "मी तर खाटेवर पडली होती. ती माझी ताई होती. वैशाली."

सुलभाताई गोंधळल्या, दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, हसल्या. "मास्कमुळे कळलंच नाही बाई. अगदी सारख्या." माझ्याही पाठीवरून हात फिरवला. मग मनूचा फोन नंबर मागितला. किती प्रामाणिक मुलगी, असं कुणीतरी म्हणालं. खरं बोलण्याचा मोठेपणाही शेवटी तिलाच मिळाला.

पुढं दुसरी लाट आली, लॉज बंद झाला. मग केव्हातरी जहाजं सुटू लागली आणि मनूला बोलावणं आलं. जाण्याआधी तिनं शेठजींना सांगितलं की तिची जागा वैशालीला द्या. शेठजींनी दिली. आज लॉजवर माणसं माझ्या हाताखाली आहेत. जागा चांगली आहे. ती कुणी दिली हे मला रोज आठवतं.

मुंबईची गाडी गोंदियाहूनच सुटते, त्यामुळं डब्यात बसवून निवांत बोलता येतं. माय खिडकीशी उभी राहून मनूला शिदोरीतलं काय आधी खायचं ते सांगत होती. मग ती पाणी आणायला गेली. आम्ही दोघीच राहिलो, ती आत, मी बाहेर, मध्ये खिडकीचे गज.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "तू ते सगळं कसं केलं त्या दिवशी? मी बाकीच्यांना शिकवलं. तुले तर मी कधी काही शिकवलंच नाही. मले वाटायचं, तुले राग येईल."

"बघत होते."

"काय बघत होती?"

"तुले."

"केव्हा?"

"सगळा वेळ. आधीपासून. तू फोनवर बोलायची तेव्हाही."

मनूचे डोळे भरून आले. तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि माझ्या गालाला लावला, लहानपणी मी तिच्या गालाला लावायची तसा. "इतका जीव आहे तुझा माझ्यावर," ती म्हणाली, "आणि मले वाटायचं, तू माझा रागच करते."

गाडी हलली. मी तिचा हात धरून दोन पावलं चालले, मग सोडला. ती वाकून बघत राहिली, फलाट संपेपर्यंत हात हलवत राहिली. मीही हलवला. तिला जे वाटलं ते मी तसंच जाऊ दिलं.